ऑफिसचा आवाज

त्या रविवारी दुपारी मी मुलीसाठी मोजे घ्यायला गेले होते. वसतिगृहात मोज्यांचं नेमकं काय होतं हे आजवर कुठल्याही आईला कळलेलं नाही. आपण जोड्या पाठवाव्यात आणि सुट्टीत एकेकटे, भलत्याच मुलींचे मोजे घरी यावेत. दुकानदार विचारत होता, "ताई, लांब देऊ का आखूड?" आणि माझं सगळं लक्ष हातातल्या फोनकडे. रविवारी जेवणं झाली की मुलींना घरी फोन करू देतात. जिन्याखाली भिंतीवर एकच फोन, त्यापुढे रांग, आणि मागची मुलगी पुढचीच्या पाठीत बोट खुपसत असते, "आटप ना गं." तेवढ्या वेळात मला आठवड्याभराची काळजी बसवायची असते.

काळजी हा माझा पूर्णवेळ धंदा. पगार मात्र मला बरोबर उलट्या कामाचा मिळतो. माझा आवाज तुम्ही कधीतरी ऐकला असेल. "आपण रांगेत आहात, कृपया प्रतीक्षा करा." "पुढील रुग्णाने आत यावे." लिफ्टमधलं "दरवाजा बंद होत आहे." ती मी. चारी भिंतींना स्पंज लावलेल्या कोंदट खोलीत, पंखा बंद करून, एकच वाक्य मी पुन्हा पुन्हा म्हणते. त्यातला राग, घाई, माया, सगळं गळून जाईपर्यंत. काचेपलीकडचा रेकॉर्डिस्ट कधीकधी हात वर करून थांबवतो. "मॅडम, यात आई ऐकू येतेय. परत घेऊ."

घरी आम्ही त्याला ऑफिसचा आवाज म्हणतो. मुलगी तान्ही असताना तापात त्याच आवाजाने झोपायची. अंगाई म्हटली की भोकाड पसरायची, आणि "दरवाजा बंद होत आहे" म्हटलं की अंगठा तोंडात घालून गप्प. नवरा हसून लोटपोट व्हायचा. मला मात्र तेव्हाही आत कुठेतरी टोचायचं. पोरीला आईपेक्षा लिफ्ट बरी वाटते, असं काहीतरी.

तिचं घरातलं नाव भिंगरी, कारण ती एका जागी ठरत नाही. यंदा अकरा पूर्ण झाली. आमच्या दोघांच्या नोकऱ्यांच्या वेळा अशा की शाळेतून आल्यावर ती रिकाम्या घरात बसायची, म्हणून तिला लांबच्या, मुलींच्या शाळेत घातलं. ठेवायला गेलो तेव्हा मी तिला एक खुणेचा शब्द दिला. कुणीही येऊन "तुझ्या आईनं पाठवलंय" म्हणालं, किंवा फोनवर "मी आई बोलतेय" म्हणालं आणि तुला शंका आली, तर शब्द विचारायचा. शब्द होता 'पिवळी छत्री'.

"पोरीला शाळेत घातलंयस की हेरखात्यात?" नवऱ्याने विचारलं होतं. भिंगरीने मात्र मान डोलावली होती. नियम म्हटला की ती तो पाळते. त्या बाबतीत ती माझीच.

फोन वाजला तसा मी मोजे तिथेच टाकून दुकानाबाहेर आले.

"जेवलीस का? काय होतं जेवायला? खोकला गेला? केस कोण विंचरतं? आवाज असा का येतोय तुझा?"

"आई, तू पुन्हा हळू बोल ना. रोज बोलतेस तशी."

"रोज कुठे बोलते मी? आज रविवार आहे म्हणून बोलतोय आपण."

ती हसली. "चल. संध्याकाळी करतेस की. प्रार्थना झाल्यावर. मी जिन्याखाली थांबलेली असते."

मला वाटलं, थट्टा चालली आहे. अकराव्या वर्षी मुली आयांची थट्टा करतात असं मी वाचलं होतं. काळजीबरोबर मी काळजीवरची पुस्तकंही वाचते. मी म्हटलं, "बरं, मग काय बोलतो आपण रोज?"

"तू सांगतेस, मी करते." तिचा आवाज अगदी स्वच्छ होता, पाठांतर म्हणून दाखवावं तसा. "कालचं पण केलं. तू म्हणालीस, तिचा हात कपाटात गेला की सांगते. मग तू म्हणालीस 'दरवाजा बंद होत आहे', आणि मी लावला. पहिल्यांदा नीट लागला नाही. मग मी पाठ टेकवून दाबला."

रस्त्यावर कोणीतरी जोरात हॉर्न वाजवत होतं. मला तो फार लांबून ऐकू आला.

"भिंगरी... कुणाचा हात?"

"माझ्या खोलीतल्या मुलीचा. आई, आवाज येतो त्याचा. वाळकं लाकूड मोडल्यासारखा. तू म्हणाली होतीस, येईल." मागून कुणीतरी "आटप ना" म्हणालं आणि फोन बंद झाला.

मी तिथूनच रेक्टर मॅडमना फोन लावला. वसतिगृहाचं सगळं त्याच बघतात. प्रौढ, समंजस बाई. माझे फोन उचलून उचलून त्यांच्या समंजसपणाला जरा भोकं पडली आहेत एवढंच. त्या म्हणाल्या, हो, अपघात झाला. त्या मुलीची दोन बोटं चिरडली, एकाचं पेर काढावं लागलं. लोखंडी कपाट, जड दार.

"पण हे सगळं काल बोललो की आपण," त्या म्हणाल्या.

"आपण?"

"तुम्हीच नाही का फोन केलात? मी एवढी घाबरले होते, तर तुम्हीच मला धीर दिलात. एक सांगू का, राग मानू नका. एरवी तुमच्याशी बोललं की माझीच छाती धडधडते. काल किती शांत होतात तुम्ही! अशाच राहा."

माझ्या तोंडावर माझ्याच तोतयाचं कौतुक चाललं होतं, आणि त्यातही मला एक क्षण, खोटं कशाला सांगू, हेवा वाटला.

रात्री नवरा आधी हसला, मग माझा चेहरा बघून थांबला. "अगं, तूच केला असशील. तू झोपेतही तिला फोन करशील." माझ्या फोनमध्ये तसलं काही दिसत नव्हतं. पण मी स्वतःवर फारसा विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. गॅस बंद केलाय का हे बघायला जिना चढून परत येणारी बाई मी. कदाचित केलाही असेल. कदाचित आपल्या आत असं कुणी असेल.

दुसऱ्या दिवशी मी काम बुडवून बस पकडली. पोचेपर्यंत दिवस कलला होता. वसतिगृहाची इमारत दगडी आहे, दुमजली, मध्ये चौक आणि चारी बाजूंनी लाकडी कठड्याच्या गॅलऱ्या. आत शिरताना फिनेलचा वास आला आणि त्याखाली दुसरा, नाणं तोंडात धरल्यावर येतो तसा. मुली प्रार्थनेला बसल्या होत्या. वरून त्यांचा सूर येत होता, एकसारखा, जाड, भिंतीतून पाणी झिरपावं तसा.

रेक्टर मॅडम ऑफिसच्या दारातच भेटल्या. त्यांच्या पदराआड एक मुलगी उभी होती, हाताला कोपरापर्यंत बँडेज. मी म्हटलं, "बाळ, तूच का गं ती..." आणि ती किंचाळली. मॅडमच्या कमरेला गच्च धरून ती मागे मागे सरकायला लागली.

"ह्यांचाच आवाज! मॅडम, ह्याच सांगतात तिला! मी ऐकलंय... फोनमधून बाहेर येतो..."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेतला समंजसपणा संपला होता.

"आज भिंगरीला फोनजवळ जाऊ देऊ नका," मी म्हटलं. "आज मी उचलते. माझ्यासमोर वाजू दे. मग तर माझ्यावर विश्वास ठेवाल?"

प्रार्थना संपली. वरच्या लाकडी तक्तपोशीवर पावलांचा गडगडाट झाला, आणि मग एकाएकी सगळं चिडीचूप. मी जिन्याखाली उभी होते. तिथे एक मिणमिणता दिवा, भिंतीवर मुलींनी पेन्सिलने गिरवलेली फुलं, आणि तो काळा, जुना फोन. मॅडम चौकात थोड्या लांब थांबल्या होत्या, त्या मुलीला पोटाशी धरून.

फोन वाजला. मी उचलला. श्वास रोखला.

"भिंगरी?"

माझाच आवाज. ऑफिसचा. पण माझ्यापेक्षा चांगला. आमच्या रेकॉर्डिस्टने ऐकला असता तर एका फटक्यात पास केला असता. राग नाही, घाई नाही, माया नाही. कुठेच आई ऐकू येत नव्हती.

पलीकडे कसलाही आवाज नव्हता, साधी खरखरही नाही. आमच्या त्या स्पंजच्या खोलीत असते तशी शांतता.

"घाबरू नकोस," ते म्हणालं. "ती आली आहे. माझ्यासारखीच दिसते. तिची पाठ तुझ्याकडे आहे... आता."

काही कळायच्या आत माझ्या खांद्यामागे कसलंतरी टोक घुसलं. आधी नुसता गारवा, मग आग. मी वळले. भिंगरीच्या हातात कर्कटक होतं, कंपासपेटीतलं, टोकदार पाय पुढे करून मुठीत धरलेलं. तिने पुन्हा मारलं. मी हात मध्ये घातला, ते तळव्यात शिरलं आणि हाडाला अडून थांबलं. तिने ते पिरगाळून उपसलं. चेहऱ्यावर राग नव्हता. गणित सोडवताना जीभ थोडी बाहेर काढते ना, तसा चेहरा.

"भिंगरी, मी आहे! आई आहे मी!"

"शब्द सांग."

"पिवळी छत्री! पिवळी छत्री, बाळा!"

"तो जुना." ती माझ्या मनगटाला चावली. दात आत गेले, मला जाणवले. "तो कुणीतरी चोरलाय म्हणून आम्ही बदलला. तिने सांगितलं होतं, जी येईल ती जुना सांगेल."

मी आयुष्यात तिच्यावर हात उगारला नव्हता. त्या दिवशी उचलला. असा बसला की तिचं डोकं भिंतीवर आपटलं, ओठ फाटला. रक्त बघून मीच ओरडले. तेवढ्यात ती माझ्या बगलेखालून निसटली आणि जिन्यावर धावली. मी मागे. मागून मॅडम ओरडत होत्या, कुठल्यातरी खोलीत मुली रडायला लागल्या होत्या, आणि माझ्या हातातून ठिबकलेल्या रक्तावर माझाच पाय घसरला. गुडघा पायरीच्या कडेवर फुटला. उठले.

वर पोचले तेव्हा ती गॅलरीच्या कठड्यावर उभी होती. एका हाताने खांब धरलेला. खाली दगडी चौक.

"जवळ आलीस तर उडी मारेन. तिने सांगितलंय, पकडलं तर उडी मार. लागत नाही म्हणाली. ती खाली झेलणार आहे मला."

"नको गं... उतर खाली, पाया पडते तुझ्या, राणी, सोन्या, उतर ना गं..."

प्रत्येक शब्दाबरोबर तिची बोटं खांबावरून सुटत होती. माझ्या गयावयेने तिची खात्रीच पटत चालली होती. मी जितकी आई होत होते, तितकी ती काठाकडे सरकत होती. तिचा एक पाय मोकळ्या हवेत गेला.

आणि मी ओरडणं बंद केलं. डोळे मिटले. मनातल्या मनात त्या स्पंजच्या खोलीतला पंखा बंद केला, दार लावलं. हाताचं ठणकणं बाहेर ठेवलं, भीती बाहेर ठेवली, तिलासुद्धा बाहेर ठेवलं. आणि म्हटलं,

"भिंगरी. खाली उतर. उजवा पाय आधी."

ती थबकली.

"उजवा पाय आधी. आता डावा."

तिने उजवा पाय आत घेतला. मग डावा. तिच्या चेहऱ्यावरची गाठ सुटत गेली, ती तापातून उठायची तशी. "आई?" ती म्हणाली. कर्कटक हातातून पडलं. ती धावत येऊन माझ्या पोटाला बिलगली, आणि तिच्या फाटलेल्या ओठाचं रक्त माझ्या रक्तात मिसळलं.

"ती गेली?" तिने विचारलं.

मला दोनच उत्तरं देता आली असती. एक दिलं.

"गेली," मी म्हटलं. ऑफिसच्या आवाजात.

खाली फोन तसाच लोंबकळत होता. मॅडमनी तो जागेवर ठेवला आणि त्या रात्रीच आमचं सामान बांधून दिलं. हाताला टाके पडले, खांद्याला पडले. नवरा दारात आम्हाला बघून मटकन खालीच बसला.

तेव्हापासून भिंगरी घरी आहे. जवळच्या शाळेत जाते, नीट जेवते, रात्री गाढ झोपते. त्या मुलीविषयी मी एकदा विचारलं तर म्हणाली, "तिचं बोट दुखत असेल का गं?" आणि खूप रडली. माझीच पोर होती ती, अगदी पूर्वीचीच. फक्त एक गोष्ट. मी चुकून कधी पूर्वीसारखं बोलले, "अगं स्वेटर घातलास का, बाहेर वारा आहे, कान झाक," की ती हातातलं काम थांबवते. बघत राहते. एकदा तिच्या हातात पट्टी होती, एकदा काटा-चमच्यातला काटा. मग मी पंखा बंद करते, दार लावते, आणि हळू म्हणते, "स्वेटर घाल." ती हसते. घालते.

नवरा खूश. "किती बदललीस तू! घर कसं शांत झालंय." मी त्याला सगळं सांगितलं होतं, पण त्याच्या मते पोरीला वसतिगृह सोसलं नाही, एवढंच. डॉक्टरही साधारण तेच म्हणाले.

पण तो आवाज दिवसरात्र वापरायचा नसतो. कामावर आम्हाला तासाभराने गरम पाणी देतात, गप्प बसवतात. घरी कोण बसवणार? परवा सकाळी उठले तर घशातून नुसती हवा आली. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घातली आणि सांगितलं, आत गाठी आल्यात. एक अक्षर बोलायचं नाही. बोलायचं म्हटलं तरी येणार नाही म्हणा. पाटी आणून ठेवली आहे, काही हवं तर लिहून दाखवते. भिंगरी पाटी वाचते आणि माझ्या तोंडाकडे बघते. जास्त वेळ बघते.

आज सकाळी नवरा बूट घालत होता. मी आतल्या खोलीत पलंगावर. त्याने दारातून मान आत घातली.

"सुटला की आवाज! आता पुन्हा ताण देऊ नकोस त्याला."

मी मान हलवली. नाही.

"अगं, आत्ता नाही का म्हणालीस स्वयंपाकघरातून? बाहेरून कुलूप लावून जा म्हणून? लावतो. किल्ली माझ्याकडे आहे."

मी उठेपर्यंत, पलंगाला अडखळून पडेपर्यंत, परत उठून दिवाणखान्यात पोचेपर्यंत कुलूप फिरलं होतं. मी दारावर मुठी मारल्या. तळव्यावरची जुनी जखम उलली. तोंड उघडून किंचाळले, आणि घरात काहीही ऐकू आलं नाही. भिंगरी जेवणाच्या टेबलाशी बसून माझ्याकडे बघत होती. शांत.

मी खोलीत आले आणि आतून कडी घातली. नवऱ्याला मेसेज केला, ताबडतोब परत ये, मी बोललेच नव्हते, ती मी नव्हे. त्याने वाचला. उत्तर आलं, 'असं काय करतेस? आत्ताच तर फोनवर बोललो आपण. पड जरा.' त्यानंतर केलेले मेसेज त्याने उघडले नाहीत. म्हणून हे लिहून ठेवते आहे. कुणी वाचलंच, तर माझ्या मुलीला दोष देऊ नका. तिने नियम पाळला.

मघाशी स्वयंपाकघरातला खण ओढल्याचा आवाज आला. नंतर पावलं. आता ती दाराबाहेर उभी आहे. खालच्या फटीतून तिच्या पायांची बोटं दिसतात. घरात फोन एकच आहे आणि तो माझ्या मांडीवर आहे. तरी ती कुणाशी तरी बोलते आहे, थांबते आहे, ऐकून घेते आहे.

"नाही आई, झोपली नाहीये," ती म्हणते आहे. "लिहीत बसलीये."